कापून टाकलेली अकरा सेकंदं

आमच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव असायचं. घाटनांदूरच्या स्टेशनकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर आमचं भांड्यांचं दुकान, आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत आमचं घर. पुढे अप्पा, म्हणजे माझे वडील, गिऱ्हाईक बघत, आणि त्यांच्या उजव्या हाताला पोत्यावर मांडी घालून मन्मथकाका नावं घालत. काका अप्पांचे धाकटे भाऊ. लग्न झालेलं नव्हतं, आमच्यातच राहायचे. सकाळी दोघे भाऊ कपाळाला भस्म लावून, लिंगपूजा आटोपून दुकानात येत, तोवर आई आतून सुशीलेची ताटली पाठवायची. भिजवलेले मुरमुरे, कांदा, भरपूर शेंगदाण्याचं कूट आणि वर लिंबू. ती खाऊन झाली की काकांचं मशीन सुरू व्हायचं. टर्रर्र, टर्रर्र. त्या आवाजात मी झोपले, अभ्यास केला, तापात पडून राहिले. मशीन थांबलं की मला जाग यायची.

लग्नसराईत काकांना मान वर करायला वेळ नसे. आंदणाच्या भांड्यांचे ढीग लागत. ताटावर कडेनं नाव, तांब्यावर गळ्याखाली, परातीवर मात्र मागच्या अंगाला. नाव घालून जागा उरली तर काका विचारल्याशिवाय एखादा पोपट काढून द्यायचे, नाहीतर कैरीची वेल. मी त्यांच्या शेजारी अॅल्युमिनियमचं जुनं झाकण आणि खिळा घेऊन बसायचे. "हाताकडं नगं बघू, रेघ जिथं जायची हाय तिथं बघ," असं ते सांगत. पुढे पुण्यात हजारो चित्रं काढली, मोठमोठ्या माणसांकडून शिकले, पण चित्रकलेचं याहून कामाचं वाक्य मला कुणी सांगितलं नाही.

काकांची जीभ अडखळायची. लहानपणापासूनच. 'म' त्यांना सगळ्यात जड जाई, आणि नाव पडलं मन्मथ. पण अडखळतात म्हणून ते कमी बोलत असं कुणाला वाटेल तर तसं अजिबात नव्हतं. काका लई बोलके. गिऱ्हाइकाला नाव विचारायचे, मग गाव, मग त्या गावातला कोण कसा आहे. वेळ लागायचा, लोक थांबायचे, गावाला त्याची सवय होती. त्यांचं अडखळणं मी या कागदावर अक्षरांनी काढून दाखवणार नाही. एकदा काढलं, तेवढं आयुष्याला पुरलं. वाचणाऱ्यानं एवढंच धरून चालावं की काकांचं कुठलंही वाक्य इथं दिसतं तेवढ्या सहज बाहेर आलेलं नाही.

बारावीनंतर मला अॅनिमेशन शिकायचं होतं. पुण्याला दोन वर्षांचा कोर्स होता. अप्पांना ते काय आहे हेच कळत नव्हतं. "चित्रं पळवायला शिकायला पुण्याला कावून जायचं? हितं काय कमी पळवतीस?" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. त्या दुपारी जेवताना येसर आमटी होती, भाकरी होती, आणि काका जेवण थांबवून अप्पांशी बोलायला लागले. हिचा हात चांगला आहे, हिला बसवून ठेवली तर ही नुसती ताटावर पोपट काढत बसेल, माझ्यासारखी, असं काहीबाही. बोलता बोलता त्यांच्या ताटातली आमटी गार झाली, साय धरली. अप्पा शेवटी म्हणाले, "बरं बाबा, जेव आता." मी पुण्याला गेले ती काकांच्या त्या बोलण्यावर.

पुण्यात पहिल्याच दिवशी सगळ्यांनी उभं राहून ओळख करून द्यायची होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मी शिवलीला, घाटनांदूरची हाय." वर्ग हसला. वाईट मनानं हसला असं मी आज म्हणणार नाही. 'हाय' ऐकून एका मुलानं हात हलवून मला उलटं 'हाय' केलं, म्हणून सगळे हसले. पण मी खाली बसले ती जवळजवळ सहा महिने बसूनच राहिले. बोलायचं काम पडलं की आधी मनात वाक्य जुळवायचे, 'न्हाई'चं 'नाही' करायचे, 'आमी'चं 'आम्ही' करायचे, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा. चौदा जणांच्या वर्गात माझा आवाज कसा आहे हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

आम्हाला पाठक मॅडम शिकवत. बारीक अंगाच्या, चष्मा केसांत खोचलेला, हातात कायम एक लाकडी पट्टी. त्या सांगत की साध्या सिनेमात माणसं आधी भरपूर चित्रण करतात आणि नंतर नको ते कापतात. आपल्याकडे उलटं. एका सेकंदाला बारा चित्रं हातानं काढावी लागतात, म्हणून कापाकापी चित्रं काढण्याआधीच करायची. आधी गोष्ट चौकटी-चौकटींत कागदावर काढायची, त्या चौकटी भिंतीवर टाचायच्या आणि सगळ्यांपुढे उभं राहून पट्टीनं दाखवत गोष्ट सांगायची. तो स्टोरीबोर्ड. मग त्याच चौकटी कॉम्प्युटरवर आवाजाबरोबर ओळीनं लावायच्या, कुठली किती सेकंद राहील ते ठरवायचं. ते अॅनिमॅटिक. "फिल्म इथंच होते किंवा इथंच बिघडते," मॅडम म्हणत. "इथं जे काढून टाकाल ते नंतर कुठल्या कपाटात सापडणार नाही. ते या जगात झालेलंच नसेल." मी ते वहीत लिहून घेतलं होतं. ती वही अजून आहे.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं तीन मिनिटांची फिल्म करायची होती. माझी पहिली गोष्ट चंद्रावर जाणाऱ्या मुलीची होती. मॅडमनी चौकटी बघितल्या आणि विचारलं, "यातलं तू स्वतः काय पाहिलंयस?" मी चौकटी गोळा करायला लागले. "घरी जाऊन ये. कुणाचा तरी आवाज घेऊन ये." त्यांनी कॉलेजचं छोटं रेकॉर्डर मला दिलं.

घरी आले आणि काकांना विचारलं, एखादी तुमची गोष्ट सांगा. मला वाटलं होतं भूतबाधेची नाहीतर रेल्वेची काही सांगतील. काकांनी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, पंखा लावला, आणि म्हणाले, "मी मुलगी बघायला गेलतो, ती सांगू?" ही गोष्ट घरात कुणी कधी काढत नसे. काका, अप्पा आणि एक नातेवाईक नेकनूरजवळच्या एका घरी मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले, मुलीला नाव-गाव विचारून झालं. मग मुलीचे मामा काकांकडे वळून म्हणाले, तुमचं नाव काय? काकांचा 'म' अडकला. सगळे खाली बघायला लागले. अप्पांना राहवलं नाही, ते काकांचं नाव सांगायला निघाले, तेवढ्यात पाटावर बसलेली ती मुलगी म्हणाली, "थांबा, त्यांना सांगू द्या." आणि मान वर करून ती काकांकडे बघत राहिली. घाई नाही, कीव नाही. काका म्हणाले, "कुणी तसं थांबत न्हाई गं. लोक थांबतेत, पण मनात पुढं गेलेले असतेत. ती हितंच हुती." काकांनी पूर्ण नाव सांगितलं. ती "बरं" म्हणाली. चार दिवसांनी तिच्या घरून नकार आला.

गोष्ट एवढीच. रेकॉर्डर चालूच होतं. मग ते म्हणाले, "लीले, बाकी कसंबी काढ. मला काळा काढ, बुटका काढ. तेवढी ती थांबली ते मातर दाखव."

"हो काका," मी म्हणाले. "तेच तर दाखवायचंय."

मी खोटं बोलत नव्हते. पुण्याला येऊन मी बावीस चौकटी काढल्या, आणि सगळ्यात जास्त वेळ त्या मुलीच्या चौकटीवर घालवला. अॅनिमॅटिकमध्ये ती अकरा सेकंदं होती. काकांच्या आवाजात "आन ती थांबली" एवढंच, आणि पुढे पंख्याची घरघर. मॅडम ते बघून म्हणाल्या, "हे काढायला सगळ्यात अवघड जाईल. पळणारा घोडा कुणीही काढतं. माणूस नुसता बसलाय आणि तरी जिवंत आहे, हे काढायला श्वास काढावा लागतो." मी मान डोलावली.

मग सगळ्या वर्गापुढे अॅनिमॅटिक दाखवायचा दिवस आला. अंधार केला, फिल्म सुरू झाली. काकांचा 'म' अडकला तेव्हा मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मुलीची अकरा सेकंदं आली तेव्हा खुर्च्या करकरल्या, एकानं जांभई दिली. दिवे लागल्यावर सगळे बोलायला लागले. शेवट लांबलाय, मध्येच झोपते फिल्म, पण तो नाव सांगतो तो भाग भारी आहे, लई भारी! माझ्याकडे बघून मुद्दाम 'लई' म्हणणारा तोच मुलगा होता, पहिल्या दिवशी हात हलवणारा. पण आता तो माझ्या बाजूनं हसत होता. मॅडम पट्टी टेबलावर आपटून म्हणाल्या, "सगळ्यांना लांब वाटतंय, मला नाही वाटत. शिवलीला, त्या अकरा सेकंदांना हात लावू नकोस."

त्या आठवड्यात मी काय केलं ते आता लिहिते. हे लिहायला मला पुष्कळ वर्षं लागली, आणि आजही मध्ये दोनदा उठून पाणी पिऊन आले. मी टाइमलाइनवर काकांचा अडकलेला 'म' कापून घेतला. तो होता तेवढा मला पुरेना. त्याचीच नक्कल करून मी तो पुढे चिकटवला. मग आणखी एकदा. मग आणखी. आता काका जेवढे अडखळले होते त्याच्या चौपट अडखळू लागले. ते ऐकताना मला सुचलं की हा आवाज बोकडासारखा येतोय. हे मला कुणी सुचवलं नाही. मी एकटी बसले होते, कानाला हेडफोन होते, आणि मला हसू आलं. मी कागद ओढला आणि काकांच्या हनुवटीला दाढी काढली. पुढच्या चित्रात शिंगं. त्यापुढच्यात त्यांचे कान लोंबायला लागले. शेवटी पाटासमोर सदरा घातलेला एक बोकड बसलेला, पोहे खाणारा, आणि मुलीकडचे लोक उठून पळतायत. फिल्म तिथंच संपवली. मुलगी एका कोपऱ्यात पाठमोरी होती, तिला तोंडही नव्हतं. ती अकरा सेकंदं मी निवडली, एक बटण दाबलं, आणि मागची सगळी पट्टी पुढे सरकून भोक बुजून गेलं. दिसायला कुठं काही गेलंय असं वाटतसुद्धा नव्हतं.

मॅडमनी पूर्ण फिल्म बघितली तेव्हा एवढंच विचारलं, "ती कुठं गेली?" मी म्हणाले, "वेग जात होता, मॅडम." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "फिल्म तुझी आहे."

कॉलेजच्या वर्षअखेरच्या कार्यक्रमात माझ्या फिल्मला पहिलं बक्षीस मिळालं. लोक खुर्चीत मागेपुढे होऊन हसत होते. नंतर मुलं माझ्याभोवती जमली आणि मी त्यांच्याशी बोलले, मनात वाक्य न जुळवता, 'हाय' आणि 'न्हाई' सकट. मला वाटलं, आपल्याला आता आवाज आला. कुणाचा आवाज कापून तो आला होता, हे तेव्हा मनात आलं नाही असं म्हटलं तर तेही खोटं होईल. आलं होतं. मी बाजूला सारलं.

बक्षिसाची बातमी घरी कळली आणि अप्पांना आभाळ ठेंगणं झालं. ज्या कोर्सला ते नको म्हणत होते त्याचं त्यांनी गावभर सांगितलं. शाळेच्या हेडमास्तरांशी बोलून त्यांनी मंगल कार्यालयात फिल्म दाखवायचं ठरवलं, दुपारी चारला, सगळ्या गावानं यायचं. प्रोजेक्टर अंबाजोगाईहून आला. मी सकाळी पोचले तेव्हा काका स्टुलावर चढून कार्यालयाच्या खिडक्यांना ताडपत्री बांधत होते. नवा पांढरा सदरा खुंटीला अडकवलेला होता, घामानं खराब होऊ नये म्हणून. वरून त्यांनी मला विचारलं, "पुरी झाली का गं आता फिल्म?"

"हो काका, कवाच झाली," मी म्हणाले.

त्यांनी गाठ मारली, खाली उतरले आणि दुसऱ्या खिडकीकडे गेले. मला आजही वाटतं, त्या वेळी अजून सहा तास हातात होते. प्रोजेक्टर बिघडला म्हणता आलं असतं. सीडी हरवली म्हणता आलं असतं. काकांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी आईनं दिलेला चहा प्यायले आणि खुर्च्या लावू लागले.

चार वाजता कार्यालय भरलं. पहिल्या रांगेत अप्पा, काका, आई, हेडमास्तर. मी प्रोजेक्टरजवळ मागे उभी. फिल्म सुरू झाली, काकांचा आवाज आला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या गावचा आवाज! काकांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि हसले. मग नाव विचारायचा प्रसंग आला. पहिल्या अडखळण्याला कुणी हसलं नाही. आमच्या गावाला सवय होती, ते थांबले. दुसऱ्यालाही नाही. पुण्यात जिथं हशा उसळायचा तिथं इथं नुसती शांतता होती, आणि त्या शांततेत मी चिकटवलेला आवाज वाजत राहिला, पुन्हा, पुन्हा. मग पडद्यावर दाढी फुटली, शिंगं फुटली, आणि पुढे जमिनीवर बसलेली पोरं खदखदून हसली. पोरांच्या मागोमाग मोठी माणसंही. कुणी हसता हसता तोंडावर उपरणं धरलं. मला मागून काकांचा पांढरा सदरा दिसत होता. तो हलला नाही. फिल्म संपली, आणि काका पडद्याकडे तसेच बघत राहिले, जसं काही अजून पुढं असेल.

लोक भेटून जात होते. हेडमास्तरांनी मला नारळ दिला. सगळे पांगल्यावर काका ताडपत्री सोडायला आले. गाठ सोडता सोडता म्हणाले, "मला एवढा येळ लागला न्हवता गं."

मी ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.

"आन ती कुठं हाय?"

"मॅडमनी काढायला लावलं, काका," मी म्हणाले. "म्हणाल्या, येळ कमी पडतोय. मी लई सांगितलं त्यांना."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "हां," म्हणाले. ताडपत्रीची घडी घालून त्यांनी खांद्यावर टाकली आणि घराकडे चालू लागले.

त्या संध्याकाळी घरी कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. आईनं सणाचा स्वयंपाक केला होता, पुरणाच्या पोळ्या होत्या. अप्पा ताटावर बसले, दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथं मी हुतो. असं झालं न्हवतं." एवढंच. पुढे तो विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही. आईनं मात्र भांडी घासताना मला विचारलं, "लोक हसले तवा तुला बरं वाटलं का गं?" मी म्हणाले, न्हाई. ती म्हणाली, "पुण्यात?" मी घासलेलं ताट विसळायला घेतलं. राखेचा हात तसाच धरून ती बराच वेळ बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून पोरं दुकानासमोरून जाताना बोकडासारखी ओरडायला लागली. अप्पा एकदा हातात पळी घेऊन रस्त्यावर धावले. थोड्या दिवसांनी पोरं विसरली, पोरं कायम एक गोष्ट धरून बसत नाहीत. पण काकांनी बाजारातून एक जाड वही आणली आणि पेन्सिल दोऱ्यानं बांधून समोर ठेवली. गिऱ्हाईक आलं की ते वही पुढे सरकवत. नाव लिहून द्या. लोकांना वाटलं, चांगली सोय केली, नाव चुकायला नको. मी दिवाळीला आले तेव्हा दुकानात मशीनचा आवाज होता, भांड्यांचा आवाज होता, आणि काकांचा नव्हता. घरात आमच्याशी बोलायचे, लागेल तेवढं. गिऱ्हाइकाला गाव विचारणं, त्या गावातल्या माणसांची चौकशी, ते सगळं त्या वहीनं खाल्लं. त्या वहीसमोर बसून मी चकल्या खाल्ल्या आणि पुण्याला परत गेले.

पुढे मी लहान मुलांच्या मालिका करणाऱ्या एका स्टुडिओत लागले. स्टोरीबोर्ड करायचे, मग संकलनही करू लागले. कामात माझं नाव झालं. कुठं कापायचं हे हिला बरोबर कळतं, असं लोक म्हणत. तरुण मुलं आजही माझ्याकडे शिकायला येतात, आणि एखादा प्रसंग लांबलाय म्हणून कापू का, असं विचारतात. मी त्यांना सांगते, आधी त्या माणसाला विचार ज्याचा तो प्रसंग आहे. ती हसतात, कार्टूनमधल्या हत्तीला कसं विचारायचं म्हणून. मी त्यांना पुढचं सांगत नाही.

अप्पा गेले, आई गेली. एकदा घर बदलताना जुन्या सीड्यांत काकांचं मूळ रेकॉर्डिंग सापडलं. ते लावून ऐकलं. "आन ती थांबली," आणि पुढे पंखा, आणि त्या पंख्यात मला काकांचा श्वास ऐकू आला, जो मी कधी ऐकलाच नव्हता. त्याच दिवसापासून मी ती मुलगी काढायला बसले. ऑफिसचं काम संपवून, रविवारी, सुट्टीत. अकरा सेकंदं, एकशे बत्तीस चित्रं. ती काही करत नाही. मान वर करते आणि बघते. एकदा पापणी लवते, खांदे श्वासानं किंचित वर जातात. मला चार महिने लागले. बोकड काढून टाकला, चिकटवलेला आवाज काढून टाकला, आणि लॅपटॉप घेऊन मी घाटनांदूरला गेले.

काका आता सत्तरीला आलेत. दुकान माझा धाकटा भाऊ चालवतो, काका दुपारी दोन-चार भांड्यांपुरते बसतात. मी त्यांच्यासमोर पोत्यावर बसले आणि लॅपटॉप उघडायच्या आधी सांगून टाकलं. "काका, ते मॅडमनी काढायला लावलं न्हवतं. त्यांनी ठेव म्हणून सांगितलं हुतं. मी काढलं."

काका तांब्या पुसत होते. पुसतच म्हणाले, "म्हाईत हाय."

मला कळेना.

"तुज्या मॅडमचा फोन आलता दुकानात," काका म्हणाले. "बक्षिसाच्या आधी. तुमचा आवाज हाय, दाखवलं तर चालंल का म्हणून इचारत हुत्या. म्हणल्या, तुमच्या बोलण्याची गंमत केलीय पोरीनं. आन त्यातली ती मुलगी ठेव म्हणलं हुतं मी, तर पोरीनं काढली." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मी म्हणलं, चालंल. लेकरानं लई मेहनत घेतली आसंल. मला वाटलं, गावात दाखवशील तवा तरी घालशील."

म्हणजे ताडपत्री बांधताना त्यांना सगळं ठाऊक होतं. 'पुरी झाली का गं आता' हे त्यांनी उगाच विचारलं नव्हतं. आणि गाठ सोडताना, ती कुठं हाय म्हणून विचारलं, तेव्हा ते मला खरं बोलायला जागा करून देत होते. मी त्यांच्या डोळ्यांत बघून त्या बाईंच्या नावावर खोटं बोलले, ज्यांनी त्यांना आधीच खरं सांगितलं होतं. आणि त्यांनी "हां" म्हटलं होतं.

मी लॅपटॉप पुढे केला. म्हणाले, आता घातलीय काका, अकरा सेकंदं, बघा. काकांनी झाकणावर हात ठेवला, उघडू दिलं नाही. "आता कुणाला दाखवायचं?" ते म्हणाले. रागानं नाही.

"तुमी मला बोलला कावून न्हाई काका? एवढी वर्षं?"

बाहेर मालगाडी लागली होती, तिचे डबे एकमेकांवर आदळत होते. ते थांबल्यावर काका बोलले. "तू सांगशील वाटलं. त्या दिवाळीला आलतीस तवा वाटलं. मंग तुज्या लग्नात वाटलं. वहिनी गेली तवा तू पंधरा दिवस हितं हुतीस, तवाबी वाटलं. मंग सोडून दिलं."

मग त्यांनी विचारलं, जेवून जाणार का. मी हो म्हणाले. ते उठून आत गेले, दोन ताटं घेतली, आणि आम्ही दोघं जेवायला बसलो. काकांनी माझ्या ताटात विचारल्याशिवाय आणखी एक भाकरी वाढली.